ऐंशीच्या खाली

३ जून २०२४, सोमवार

बॅचच्या वहीत फक्त आकडे, वेळ आणि सह्या. जे तिथे लिहिता येत नाही ते इथे.

आम्ही एकच प्रथिन बनवतो. माणसाच्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक खुंटी असते, पीडी-वन नावाची. समोरच्या पेशीने ती धरली की लढणारी पेशी थांबते. ही खुंटी नसती तर आपलं शरीर आपल्यावरच तुटून पडलं असतं. तिचा बाहेरचा तुकडा तेवढा आम्ही पेशींकडून बनवून घेतो, शुद्ध करतो आणि वाळवून इवल्या कुप्यांत भरतो. कुपीवर लिहिलेलं असतं: फक्त संशोधनासाठी, औषध नव्हे. आत काही दिसत नाही. तळाशी धुक्यासारखा एक डाग असतो.

साकीनाक्याला इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन गाळे. खालच्या गाळ्यात पितळी नळांना पॉलिश करतात, त्यामुळे आमची फरशी दिवसभर किंचित हलते. आम्ही तिघं. संघमित्रा मॅडम मालक. तुळशीकाका शुद्धीकरण करतात. मी पेशी वाढवते आणि तयार माल तपासते.

काका एकसष्टचे, दहावी झालेले, वेसाव्याचे कोळी. एका मोठ्या औषध कंपनीत बाटल्या धुवायला लागले होते. तीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा तिथले शास्त्रज्ञ त्यांना विचारून काम करायचे. चार अंशांच्या थंड खोलीत ते अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसतात. समोर काचेचा उभा नळा, त्यात निळे मणी. वरून पेशींचं पाणी सोडायचं. खुंटी मण्यांना चिकटते, बाकीचं वाहून जातं. मग दुसरं पाणी सोडून ती सोडवून घ्यायची. दाब दाखवायला काटा आहे, पण काका काट्याकडे बघत नाहीत. बारीक रबरी नळी दोन बोटांत धरतात आणि डोळे मिटतात.

"झोपलात काय काका?"

"गप. बोलतंय ते."

१२ जून, बुधवार

आजची बॅच शहाऐंशी टक्के. मार्चमध्ये अठ्ठ्याण्णव होती, एप्रिलमध्ये त्र्याण्णव. ऐंशीच्या खाली माल बाहेर जात नाही.

काकांना सांगितलं. ते डबा उघडत होते. भाकरी आणि सुका जवळा.

"शहाऐंशी म्हणजे पास ना?"

"पास. पण उतरतंय."

"बोटाला तर तशीच लागली गो. नेहमीसारखी."

"बोटाला लागून काय होतं काका?"

ते हसले. "तीस वर्षं पगार कोणी दिला मग? बोटांनीच दिला."

माझ्याकडून काही राहतंय का ते मी पाहिलं. माझं काम सोपं आहे. प्लेटच्या खड्ड्यांत खुंटीचा जोडीदार चिकटवायचा, वर आमची खुंटी सोडायची, किती धरली गेली ते रंगावरून मोजायचं. जोडीदारही प्रथिनच आहे. तो परदेशातून येतो, सहा आठवडे लागतात. मी त्याला जपते. एकाच नळीत ठेवते, खोल फ्रीझरमध्ये. लागेल तेव्हा नळी काढायची, मुठीत धरून वितळवायची, हवा तेवढा थेंब घ्यायचा, पुन्हा ठेवून द्यायची. दहा छोट्या नळ्यांत वाटून ठेवायची पद्धत आहे. पण प्रत्येक नळीच्या भिंतीला थोडा राहतो, तो गेलाच. आमच्या घरी आई आमटीचं पातेलं बोटाने निपटते, मग घासायला टाकते. जोडीदार जानेवारीपासून पुरवलाय. मॅडम म्हणाल्या होत्या, श्रुतिका, तुझ्यासारखं कोणी पुरवलं नाही.

अठ्ठ्याण्णवचा जो जुना पक्का नमुना आहे, तुलनेसाठी, तोही थोडाच उरलाय. तो जानेवारीत एकदा लावला. तेव्हा त्यावरून आखलेली तुलनेची रेषा अजून वापरते.

१३ जून, गुरुवार

डब्यांत घालायची सूचनापत्रकं संपली होती. नवी छापली. आठ ओळी आहेत, मला पाठ आहेत. पाचवी: वितळवल्यावर लहान भाग करून ठेवा, पुन्हा पुन्हा गोठवू नका. गिऱ्हाईक वाचत नाही आणि मग आम्हाला फोन करतं.

२६ जून, बुधवार

ब्याऐंशी.

काका माझ्या टेबलाशी आले. ते सहसा येत नाहीत, थंड खोलीतून बाहेर आलं की त्यांना घाम येतो.

"पोरी, एक विचारू? दुसऱ्या नळीनं बघितलंस काय?"

"कसल्या दुसऱ्या नळीनं?"

"तो जोडीदार तुझा. नवी नळी उघडून एकदा बघ ना."

मी म्हटलं, नवी नळी नाहीये, मागवली तर सहा आठवडे. आणि असती तरी अर्धी शिल्लक असताना दुसरी कशाला फोडू? मग म्हटलं, माझ्या बाजूचं मी सगळं तपासलंय. आवाज थोडा चढला असेल.

"बरं बरं. तू शिकलेली हायस." एवढंच म्हणाले. टोमणा नव्हता. ते तसं खरंच मानतात, आणि त्यामुळे मला जास्त लागलं.

९ जुलै, मंगळवार

सत्त्याहत्तर.

पहिल्यांदा बॅच नापास. दोन कुप्या नियमाप्रमाणे राखून ठेवल्या, बाकीच्या पिशवीत भरून नष्ट करायला पाठवल्या. तीन आठवड्यांचं काम. मॅडमनी पिशवीवर सही केली आणि पेनचं टोपण लावायला त्यांना वेळ लागला.

दुपारी थंड खोलीत काही फुटल्याचा आवाज झाला. मापाची काचेची नळी काकांच्या हातून सुटली होती. ते खाली बसून तुकडे वेचत होते.

"हात ओले व्हते," म्हणाले.

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. कोरडे होते, असं मला वाटलं.

११ जुलै, गुरुवार

काकांचे हात कापतात.

आधी कापत होते का, आठवत नाही. आज मी दारातून पाच मिनिटं बघत होते. नळी धरलेली बोटं हलत होती. त्यांनी मान वळवली, मी दिसले, तेव्हा जास्त हलली. मी बघितलं की जास्त हलतात. म्हणजे लपवत असणार.

मॅडमना सांगावं का? सांगितलं नाही तर पुढची बॅचही जाईल. सांगितलं तर. मला काकांबद्दल राग नाही. उलट लग्नाच्या बोलणीत मी अडकले होते तेव्हा महिनाभर माझ्या पेशींना खाऊ घालायचं काम त्यांनीच सांभाळलं होतं, रविवारी येऊनसुद्धा. लग्न मोडलं तेव्हा काही विचारलं नाही. कोलंबी आणून दिली, सोललेली.

१५ जुलै, सोमवार

मॅडमना सांगितलं. जे पाहिलं तेवढंच. हात कापतात, काच फुटली, आकडा उतरतोय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२३ जुलै, मंगळवार

एकाहत्तर.

मॅडमनी तिघांना बसवलं. दिल्लीच्या एका संस्थेची मोठी ऑर्डर आहे, दोनदा तारीख पुढे गेली. मॅडम काकांशी कधी वरच्या आवाजात बोलत नाहीत, आजही नाही. "तुळशीदास, तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी माझा कागद हातात घेतला. मार्चपासूनचे आकडे, एकाखाली एक. कागद थरथरत होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि वर तळहात ठेवला.

"मना काय वाटतं त्याला काय अर्थ हाय मॅडम? माझं बोट म्हणतं बरोबर हाय. कागद म्हणतो नाय. कागद कशाला खोटं बोलेल?"

"मशीन भाड्याने घेता येईल," मॅडम म्हणाल्या. "आपोआप चालणारं. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा."

"लक्ष ठेवायला म्हातारा कशाला पायजे? त्यापेक्षा मी घरी लक्ष ठेवतो. नातवंड येनाराय." मग माझ्याकडे वळले. "बरं केलंस पोरी, येळेवर सांगितलंस. कोनाच्या औषधाच्या कामात माझ्या हातानं घोळ नको."

मी म्हटलं, काका, औषध नाहीये हे.

"आज नाय. पन ज्यानं हे वापरून औषध शोधायचं, त्याचं चुकंल ना?"

३१ जुलै, बुधवार

काकांचा शेवटचा दिवस. त्यांनी मणी धुतले, नळा धुतला, खोलीतला स्वेटर घडी करून पिशवीत टाकला. मॅडमनी नारळ आणि शाल दिली. वेसाव्याच्या माणसाला नारळ काय द्यायचा, असं तेच म्हणाले. सगळे हसलो.

जाताना दाराशी थांबून त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. "बघ. थांब म्हटलं तरी थांबत नाय."

रात्री जेवताना घरी सांगितलं. बाबा गिरणीत होते, संप फसल्यावर बाविसाव्या वर्षी घरी बसले. त्यानंतर पस्तीस वर्षं बोरिवलीत त्यांनी नाना कामं केली. तरी अजून ते स्वतःला घरी बसलेला म्हणतात.

"म्हाताऱ्याक घराक बसवलास काय गो?"

"मी नाही बाबा. आकड्यांनी."

"आकडे कोनाचे?"

"माझे. पण आकडे म्हणजे—"

"तां मी समाजलंय," म्हणाले, आणि भात मागितला.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. दर वर्षी काका मला आणि मॅडमना वेसाव्याला बोलवायचे. या वर्षी बोलावणं नाही. मीच फोन केला. त्यांची बायको सरूबाई, त्यांनी उचलला. मागे बेंजो वाजत होता.

"काका कुठे आहेत?"

"घरान बसलाय. नारळ निमेशनी सोडला या टायमाला." निमेश त्यांचा मुलगा. "बापाला सांगतोय, तू ये, तुझा मान हाय. तर म्हनतो, हातातून पडंल."

"समुद्रातच तर टाकायचा असतो ना?"

"तेच मी म्हटलं त्याला!" सरूबाई हसल्या. मग थांबल्या. "हसला नाय गो."

६ सप्टेंबर, शुक्रवार

मशीनची पहिली बॅच. चौसष्ट.

मी दोनदा तपासली. चौसष्ट, त्रेसष्ट. मशीनवाला फोनवर म्हणाला, नवं आहे, बसायला वेळ लागतो, पेशी बदलून बघा. मॅडमनी पेशी बदलायचं ठरवलं. उद्या गणपती, चार दिवस कोणी येणार नाही.

आज एक विचार मनात आला, तो लिहून ठेवते. मशीनचे हात कापत नाहीत.



२४ सप्टेंबर, मंगळवार

निमेशचा मेसेज. मुलगी झाली. त्याची बायको दिपाली बरी आहे. फोटोत बाळ सरूबाईंच्या मांडीवर आहे, शेजारी काका. त्यांचे हात फोटोत नाहीत, पाठीमागे असतील.

मशीनची दुसरी बॅच एकसष्ट. जोडीदाराच्या नळीत आता एका वेळेपुरतंच उरलंय. नवी नळी पोचली आहे. जुनी पूर्ण संपल्याशिवाय उघडणार नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. नवी नळी उघडली.

मशीनची तिसरी बॅच: सत्त्याण्णव.

मॅडमनी मला मिठी मारली, कधी नव्हे ते. खाली जाऊन पेढे आणले. मशीनवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "बघा मॅडम, बोललो होतो ना, झकास चालणार!" मी पेढा खाल्ला. दोन खाल्ले.

घरी आले. आई म्हणाली चेहरा असा का? म्हटलं, दमलेय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडम बाहेर होत्या. फ्रीझरमधून राखीव कुप्या काढल्या. जुलैच्या दोन्ही बॅचमधली एकेक. काकांच्या हातची, नापास झालेली.

नवा जोडीदार लावला. जुना पक्का नमुनाही लावला, या वेळी सोबतच.

सत्त्याहत्तरवाली: अठ्ठ्याण्णव.

एकाहत्तरवाली: अठ्ठ्याण्णव.

दोन्हींत काडीचा फरक नाही.

मी जानेवारीपासून ती नळी किती वेळा वितळवली असेल ते मोजलं. एक्केचाळीस. दर वेळी जोडीदार थोडा मेला. त्याला खुंटी धरता येईना. मी लिहीत गेले की खुंटी खराब आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सहा दिवस झाले. सांगितलं नाही.

कारणं लिहून काढते. एक, दिल्लीची ऑर्डर परवा जायची आहे, आत्ता गोंधळ नको. दोन, काका तसेही दिवाळीला निवृत्त होणारच होते, असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. तीन, हात कापत होते हे खरंच आहे, मी पाहिलंय.

हात कापत होते. पण मला हे जुलैत दिसलं. आकडा मार्चपासून उतरत होता. मार्च ते जुलै त्यांचे हात मी बघितलेच नाहीत, कारण तेव्हा बघायचं कारण नव्हतं. मी बघायला लागले आणि त्यांना कळलं की मी बघतेय.

चौथं कारण खरं आहे. मला माझी नोकरी हवी आहे. पुण्याला संशोधनासाठी अर्ज केलाय, मॅडमचं पत्र लागेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. बाबांना सांगितलं. सगळं, नळीपासून.

आपट्याची पानं त्यांच्या हातात होती, ती तशीच धरून बसले. नंतर म्हणाले, "आमच्या खात्यात एक मास्तर होतो. माझो धागो तुटता म्हनान त्येनी तीनदा लिवल्यान. मशीन वाकडा होता. मागाहून सगळ्यांका कळला."

"मग?"

"मग काय? कोण येवन सांगूक नाय माका. मीया अजून म्हनतंय, माझोच हात वायट होतो काय."

आई आतून म्हणाली, सणाचं काय काढून बसलात. बाबा उठून बाहेर गेले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमना सांगितलं. उभी राहून सांगितलं, बस म्हणाल्या तरी बसले नाही. दोन्ही प्लेट दाखवल्या.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ आकडे बघत राहिल्या. खाली पॉलिशची मशीन बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

"जुनी रेषा वापरतेस हे मला माहीत होतं," म्हणाल्या. "प्रत्येक पानावर माझी सही आहे. म्हणजे हे तुझ्या एकटीचं नाही."

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही.

बॅचच्या वहीत सत्त्याहत्तरवर रेघ मारली. शेजारी अठ्ठ्याण्णव लिहिलं, तारीख घातली, कारण लिहिलं: तपासणीतील दोष. मॅडमनी आणि मी सही केली. एकाहत्तरचंही तसंच. दोन रेघा मारायला मिनिट लागलं नाही.

मग मॅडमनी काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"तुळशीदास, तुमच्या बॅच चांगल्या होत्या. चूक आमची होती. पुढच्या सोमवारपासून या."

पलीकडे बाळ रडत होतं.

"मॅडम, तुमचं मन मोठं हाय."

"मन मोठं नाही हो. मी खरं सांगतेय."

"हो, हो. मशीन बिघडलं काय? मानूस पायजे तर चांगला पोरगा बघून देतो. माझं नको. दिवाळीला मॅडम तुम्ही या घरी, बाळ बघायला."

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी असं का बोलले? आधी 'या' म्हणायला नको होतं." त्यांना वाटतं आम्ही गरजेपोटी बोलावतोय असं काकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. पण काय वाटतं ते सांगता येत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

वेसाव्याला जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

दोन्ही प्लेटचे छापलेले कागद घेतले होते. फाईलमध्ये. मेट्रोत फाईल मांडीवर ठेवून बसले. आधी काय बोलायचं, मग काय, ते ठरवत होते. पुढे रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडते. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून चालत जावं लागतं.

सरूबाई दारातच जवळा निवडत बसल्या होत्या. "ये गो बाय. आत ये. तुझा बॉस आत हाय." मग आत ओरडल्या, "अरे, शुतिका आयली!"

काका खुर्चीत होते. हात मांड्यांखाली. बसायची ती पद्धत त्यांची नव्हती. बारीक वाटले. टीव्ही चालू होता, आवाज बंद.

मी ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "काका, माझी चूक होती."

आणि सांगत सुटले. नळी, मूठ, एक्केचाळीस वेळा, जुनी रेषा. तुम्ही म्हणाला होतात दुसरी नळी उघड. मी उघडली नाही. तुमचा माल अठ्ठ्याण्णव होता. दोन्ही वेळा. कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो वाचला. आकडे वाचायला ते माझ्याहून जलद आहेत. एक हात मांडीखालून काढून त्यांनी कागदाची कड धरली. कागद लगेच हलायला लागला. त्यांनी तो मला परत दिला.

"चांगलं हाय," म्हणाले. "सुंदर प्लेट लागलीय तुझी."

"काका, ही तुमची बॅच आहे."

"मॅडमनी पन परवा फोन केलान. दोघींनी मिळून ठरवलंत काय?"

"ठरवलं नाही काही. खरं आहे."

"तू चांगल्या घरची हायस. म्हातारा खचला, त्याला बरं वाटावं. मी रागवलेलो नाय गो तुझ्यावर. तवा पन नव्हतो."

"अरे, ऐक तरी ती काय म्हनते!" सरूबाई दारातून म्हणाल्या.

"ऐकलं. कान ठीक हायत."

"हात पन ठीक हायत तुझे! तीन महिने हेच चाललंय," त्या मला म्हणाल्या. "पोरीला घेत नाय. महिना झाला, एकदा नाय घेतली. जाळ्याला हात नाय लावत. चहा दोन हातांनी पितो, बाळासारखा."

काका हसले. "माझ्या बापाचे पन कापायचे शेवटी. घरातलं हाय ते. नळी बोटांत बोलायची ना, ते माझं मलाच वाटत व्हतं. किती वर्षं वाटत व्हतं, काय माहीत."

मी म्हटलं, बोलायची काका. तुमचं बोट बरोबर होतं. मशीनपेक्षा बरोबर. माझा कागद खोटा होता.

"तवाचा कागद खोटा, आताचा खरा," ते म्हणाले. "तू बोलशील तसं."

दोन्ही कागद मीच आणले होते.

दिपाली आतून बाळ घेऊन आली. अजून नाव ठेवलेलं नाही. तिने सासऱ्यांसमोर धरलं, रोज धरत असेल तसं. "बाबा, घ्या की. ताई आल्यात, ताईंसमोर घ्या." काकांनी दुसरा हातही मांडीखाली सारला आणि मान हलवली.

"मग ताईकडे दे," सरूबाई म्हणाल्या.

मी लहान बाळ कधी घेतलेलं नाही. तसं सांगेपर्यंत दिपालीने दिलंसुद्धा. ते माझ्या अंदाजापेक्षा हलकं होतं, आणि डोकं मागे गेलं.

"मान! मान धर!" काका उठले. "खाली हात घाल. मानेखाली. तसा नाय, पंजा उघड. हां. दुसरा कमरेखाली. दाबू नको, नुसतं राहू दे. ती तुला सांगंल कुठं धरायचं."

दाखवायला त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले होते. बाळापासून वीतभर दूर. एक पंजा उघडा, मानेच्या खाली असावा तिथे. दुसरा त्याच्या खाली. बोटं किंचित वाकलेली, एकेक आपल्या जागी.

हलत नव्हती. एकही.

दिपालीने पाहिलं. सरूबाईंनी निवडणं थांबवलं. मी थोडी थांबले असते तर बरं झालं असतं. बाळ वीतभर पुढे केलं असतं, काही न बोलता. आता घरी बसून लिहिताना हे सुचतंय.

मी म्हटलं, "काका, हात बघा तुमचे."

त्यांनी बघितले. आम्ही सगळेच बघत होतो.

आधी डाव्या हाताची करंगळी हलली.

"गार लागलं तिला," ते म्हणाले. "आत न्या." आणि हात मागे घेऊन खुर्चीत बसले.